मेंदीचा वाटा

१

शकुनकाकूंचा भाचा नागपूरहून आला, त्याने तेरवी केली आणि जाताना घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. "झाडाले पाणी टाकत जाय बाई तेवढं. तुह्यावर लय जीव होता तिचा." मी मान हलवली. त्याच्याकडे बघितलं नाही.

झाड म्हणजे मेंदी. काकूंच्या अंगणाच्या मधोमध, माझ्या डोक्यापेक्षा उंच, बुडातून दोन खोडं फुटलेली. अड्याळच्या आमच्या गल्लीत गेली वीस-बावीस वर्षं ज्या ज्या मुलीचं लग्न झालं तिच्या हाताला याच झाडाचा पाला वाटून लागला. काकूंना मूलबाळ नव्हतं. नवरा तिशीच्या आतच गेला होता. झाड तेवढं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बादली घेऊन गेले तर झाडावर एकही पान नव्हतं.

नोव्हेंबर संपत आला होता आणि थंडीत मेंदी थोडी झडतेच, हे मला माहीत आहे. मी बी.एस्सी. आहे, विषय वनस्पतिशास्त्र. पण थंडीने झडणारी पानं आधी पिवळी पडतात आणि आठ-पंधरा दिवस घेतात. ही हिरवीगार होती, एका रात्रीत पडलेली. वारा नव्हता. सगळी पानं आळ्याच्या आतच पडली होती, एकही बाहेर नाही.

मी खाली बसून एक पान उचललं, मग दुसरं, मग मूठभर. पडलेल्या पानांत काही उलटी पडतात, काही सुलटी. ही सगळी पालथी होती.

मी ती झाडून कोपऱ्यात लोटली आणि वर पोतं टाकलं. पोतं कशासाठी, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

२

अंगठ्याच्या नखाने साल खरवडून बघायची. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत, तपकिरी असेल तर मेली. सगळीकडे हिरवं होतं. मुळाशी पाणी साचलेलं नव्हतं, वाळवी नव्हती, कीड नव्हती. मग उरतं काय? विष. माझ्या बाबांचं कृषी केंद्र आहे, तणनाशक कोणी नेलं ते मला घरबसल्या कळतं. दसऱ्याच्या आसपास समोरच्या सुमनमावशींनी एक बाटली नेली होती. मी तशीच, मातीच्या हातांनी त्यांच्या दारात गेले.

"मावशी, काकूंच्या झाडाले काय टाकलं तुम्ही?"

मावशी धान कापायला निघाल्या होत्या. डोक्याला फडकं, हातात विळा. "कोण? मी? अवो बाई, ते औषध बांधावरच्या गवताले होतं. मेंदीनं माहं काय घोडं मारलं?"

"मंग एका रात्रीत झाड नागडं कसं झालं?"

"मले काय इचारते! बीएस्सी तू झाली का मी?" त्या दोन पावलं गेल्या आणि वळल्या. या वेळी आवाजात चेष्टा नव्हती. "वाटा तं तूच बंद केला ना रेणू. मी नाई केला."

वाटा म्हणजे काय ते सांगायला हवं. आमच्या गल्लीत रीत आहे की ज्या घरचा पाला, त्या घरच्या बाईच्या हातावर वाटलेल्या मेंदीचा पहिला गोळा ठेवायचा. नवरीच्या हातावर त्यानंतर. पण शकुनकाकू विधवा. त्यांच्या हाताला मेंदी चालत नाही. म्हणून नवरीची आई तो गोळा आपल्या तळव्यावर घ्यायची, झाडाच्या खोडावर दाबायची आणि म्हणायची, "घ्या शकुनबाई, तुमचा वाटा." काकू ओसरीत बसून बघायच्या. बावीस वर्षांत खोडावर कमरेएवढ्या उंचीपर्यंत पंजांची खपली जमली होती.

मला ते बघून संताप यायचा. जिवंत बाई समोर बसलेली आणि तुम्ही झाडाला मेंदी लावता! विधवा प्रथा बंद करण्याच्या ठरावासाठी मी कॉलेजमध्ये असताना घरोघर फिरून सह्या घेतल्या होत्या. गेल्या मे महिन्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं, डिंपलताईचं, लग्न ठरलं तेव्हा मी गल्लीत सगळ्यांना बजावून सांगितलं: या वेळी खोडाला कोणी हात लावायचा नाही. वाटा काकूंच्या हातावर पडेल, सगळ्या बायांसमोर, आणि तो मी लावीन.

काकू हसल्या होत्या. "खरंच वो? माह्या हाताले?" मग कितीतरी वेळ आपले तळवे उलटसुलट करून बघत होत्या, जणू हात नवीन आले होते.

३

डिंपलताई पवनीला दिली आहे. सासरी हातमाग आहेत. तीही मागावर बसते आणि तिथली सगळ्यात बारीक काठाची साडी तिच्या हातची असते. झाड झडलं त्याच संध्याकाळी तिचा फोन आला.

"रेणू, माही मेंदी अजून गेली नाई, सांगितलं का तुले?"

"सहा महिने झाले ताई."

"तेच ना! सासू सगळ्याईले दाखवत फिरते, पाहा म्हणे आमचं प्रेम. आधी लाल होती, आता काळी होऊन राहिली." ती हसली आणि मध्येच थांबली. "करंगळी बधिर झाली वो. उजवी. धागा लागतच नाई बोटाले."

दुसऱ्या दिवशी मी एसटीने पवनीला गेले. तिच्या तळव्यांवर लग्नाच्या दिवशीची नक्षी होती तशीच होती, वेल, मोर, अश्विनभाऊजींचं नाव. रेषा धारदार होत्या आणि जांभळाच्या सालीसारख्या काळ्या. मी साबण लावला, लिंबू चोळलं, दगडाने घासलं. कातडी लाल झाली, नक्षी हलली नाही.

अश्विनभाऊजींनी तिला भंडाऱ्याला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या भागात बधिर बोट म्हटलं की डॉक्टर आधी कुष्ठरोगाचाच विचार करतात. त्यांनी टाचणी टोचली, चट्टे शोधले, कोपराजवळची नस चाचपली. तो रोग नव्हता. गोळ्या दिल्या आणि महिन्याने बोलावलं.

मला हायसं वाटलं. ज्याला नाव नाही ते बहुधा आपोआप बरं होतं, असं मी ताईला सांगितलं. कुठल्या पुस्तकात वाचलं होतं कोण जाणे.

४

रविवारी सकाळी पुन्हा साल खरवडली. उजव्या खोडाची सगळ्यात बाहेरची फांदी आतून तपकिरी झाली होती. मेलेली फांदी ठेवली की सड खाली उतरते. ती जिवंत लाकडापर्यंत छाटायची असते. मी दुकानातून छाटणीची कात्री आणली आणि फांदीचं वीतभर टोक कापलं. कापल्यावर आवाज झाला तो लाकडाचा नव्हता. काकडी मोडल्यासारखा ओला होता. मी आवाजाकडे लक्ष दिलं नाही.

सव्वाआठला अश्विनभाऊजींचा फोन. "डिंपलच्या करंगळीचं नख निघून आलं. पूर्ण. रक्त नाही, दुखत पण नाही म्हणते. मागावर बसली होती, नख साडीवर पडलं."

हा योगायोग होता. योगायोग असतात. पण एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढायचा नसतो, तसाच एका निरीक्षणाला योगायोग म्हणून सोडूनही द्यायचं नसतं. म्हणून मी जे केलं त्याची मला लाज वाटते. मी ताईला व्हिडिओ कॉल लावला, फोन पाण्याच्या टाकीवर टेकवून ठेवला आणि तिला बोलतं केलं. ती सासूबद्दल काहीतरी सांगत होती, पट्टी बांधलेला हात मांडीवर. मी कॅमेऱ्याच्या बाहेर हात नेला आणि उजव्या खोडाची साल नखाने हलकेच खरवडली.

"आई गं!" ताईने हात झटकला. "काय चावलं वो?"

"दाखव."

मनगटाच्या वर पांढरी रेघ उठली होती. नखभर.

एकदा झालेलं पुरेसं नसतं. मी डाव्या खोडाला नख लावलं. ताईने डावा हात छातीशी धरला आणि कॅमेऱ्यातून माझ्याकडे बघितलं. "रेणू, तू काय करून राहिली तिकडं?"

मी फोन बंद केला.

५

आता लग्नाच्या दिवसाचं सांगते.

मांडवात बाया बसल्या होत्या, पितळी परातीत मेंदी वाटून तयार होती. आईने मला मागच्या खोलीत ओढलं. माझी आई, निर्मलाबाई, मोठ्या आवाजात बोलत नाही. "विधवेचा हात आधी अन् माह्या पोरीचा मागून? डिंपलचं काही झालं तं तू भरून देशील? तिच्या सासरचे बसले आहेत भायेर. तुहं भाषण तुह्या लग्नात कर."

मी भांडायला हवं होतं. वर्षभर मी गावाशी भांडत होते. पण त्या दिवशी ताई दारात उभी होती, सजलेली, आणि तिने माझ्याकडे बघून फक्त मान हलवली. नको म्हणून.

मी बाहेर गेले. काकू फाटकाशी आल्या होत्या. नवं पातळ, आणि दोन्ही हात पुढे धरलेले. राखेने घासून धुतलेले, अजून ओले. कोरडे करायलाही त्या थांबल्या नव्हत्या.

मी म्हटलं, "काकू, आज नको. पुढं पाहू."

त्यांनी हात लगेच खाली घेतले नाहीत. माझ्या मागे मांडवात हसणं चाललं होतं. मग म्हणाल्या, "बरं," आणि वळल्या.

झाडाच्या खोडालाही त्या दिवशी कोणी मेंदी लावली नाही. मी बंदी केली होती ना. जुनी रीत मी मोडली आणि नवी पाळली नाही. त्या दिवशी पहिला गोळा ताईच्या हातावर गेला. काकूंचा गोळा.

सहा महिने मी त्यांच्या घरासमोरून मान खाली घालून गेले. त्या माझ्याशी कधी वाईट बोलल्या नाहीत. बोलल्याच नाहीत.

हे सगळं मनात स्पष्ट झाल्यावर मी बाजारातून मेंदीचा कोन आणला, भर दुपारी काकूंच्या अंगणात गेले, हातावर मेंदी घेतली आणि खोडावर पंजा दाबला. "घ्या काकू, तुमचा वाटा." माझाच आवाज मला आईसारखा वाटला.

सकाळी जाऊन बघितलं. खोड स्वच्छ होतं. माझा पंजा नव्हता आणि बावीस वर्षांचे पंजेही नव्हते. सगळी खपली गळून आळ्यात पडली होती. आत साल नवी, गुळगुळीत, ओली. कोपऱ्यातलं पोतं उचललं तर खालची पानं अजून हिरवी होती.

ताईची आणखी दोन बोटं गेली होती. अश्विनभाऊजी फोनवर रडत होते. "बोटं आहेत, पण नसल्यासारखी," एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते.

६

मी झाडासमोर उभी राहिले आणि मोठ्याने बोलले. कोणी ऐकलं असतं तर वेडी म्हणालं असतं. "काकू, मी सगळ्यांसमोर लावीन म्हटलं होतं. सगळ्यांसमोर लावते. पाला द्या."

तीन दिवस मी एवढंच केलं जेवढं पुस्तकात आहे. माती मोकळी केली, शेणखत घातलं, तांदूळ धुतलेलं पाणी टाकलं, उन्हाच्या बाजूने साडीचा आडोसा केला. चौथ्या दिवशी उजव्या खोडाला बारीक तांबूस पानं फुटली. आठवड्यात ती मूठभर झाली आणि तिथेच थांबली. त्या आठवडाभर ताईचं बोट आणखी एकही गेलं नाही.

आईला सांगायला मला दोन दिवस लागले. तिने सगळं ऐकलं, डिंपलच्या हाताचा फोटो बघितला आणि पदराने डोळे पुसले. "शकुनबाई अशी नोहोती वो," ती म्हणाली. मग पदर खोचून, "मी बोलावतो बायाईले."

कापणीचे दिवस, तरी पाच जणी आल्या. आई आणि सुमनमावशी धरून. दुपारचे दोन वाजले होते. मी झाडाचा सगळा पाला खुडला, एक पान ठेवलं नाही, आणि पाट्यावर वाटला. एका तळव्यापुरता गोळा झाला. काकूंच्या ओसरीत चटई टाकून आम्ही गोल बसलो, गुडघ्याला गुडघा. मध्ये पितळी वाटी. बाजूला फोन, पवनीहून ताई ऐकत होती.

"आता काय करायचं?" सुमनमावशी कुजबुजल्या. "झाडाले लावायची का?"

"नाई. हाताले."

"कोणाच्या?"

मला माहीत नव्हतं. मी वाटीत बोट बुडवलं, मान खाली घातली आणि म्हटलं, "काकू, हात द्या."

एक भुरी मांजर ओसरीच्या पायरीवरून उठून गेली. मग आई आणि सुमनमावशींच्या मधून एक हात पुढे आला, तळवा वर.

मला वाटलं आईचा. राग आला. "आई, तुहा नाई मागितला."

"मी नाई दिला," आई म्हणाली. तिचा आवाज दबलेला होता. मी बघितलं. तिने दोन्ही हातांनी पदर तोंडावर दाबला होता. सुमनमावशींचे दोन्ही हात मांडीखाली होते.

पुढे आलेल्या मनगटात बांगडी नव्हती. तळवा ओला होता, खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखा सुरकुतलेला. रेघांमध्ये राखेचा कण होता. मी मनगटाच्या वर बघितलं नाही. अजूनही बघितलेलं नाही. मी माझा डावा हात त्याखाली धरला. त्याला वजन होतं.

मी मधोमध गोळा ठेवला. मग बोटांची टोकं भरली, करंगळीपासून सुरू करून. फोनमधून ताईचा आवाज आला, "रेणू! रेणू, दुखून राहिलं! करंगळी दुखून राहिली!" आणि ती हसत होती, रडत होती. मागे अश्विनभाऊजी देवाचं नाव घेत होते.

सुमनमावशी आधी उठल्या, चपला न घालता गेल्या. मग बाकीच्या. शेवटी आई उठली.

आई उठली, तरी हात उठला नाही.

७

मेंदी वाळेपर्यंत हात धरून बसायचं असतं, नाहीतर नक्षी फिसकटते.

पाच वाजले आहेत. मेंदी दोन वाजता होती तितकीच ओली आहे. मी फुंकर मारून बघितली. एकदा माझ्या बोटांना मुंग्या आल्या म्हणून मी हात काढून घेतला, पाणी प्यायला, फक्त तेवढाच वेळ. फोनमधून ताई किंचाळली ती अजून कानात आहे. मी लगेच पुन्हा धरला. तिच्या बोटांत पुन्हा ऊब आली.

आई चहा घेऊन आली आणि फाटकातच थांबली. आत यायचं तिला जमेना. कप भिंतीवर ठेवून ती तिथेच उभी आहे आणि माझ्याकडे बघते आहे, फक्त माझ्या चेहऱ्याकडे.

मी म्हटलं, "काकू, चुकलं माझं. त्या दिवशी मी भ्याले."

हात तसाच.

"सगळ्यांसमोर लावली ना आता? किती वेळ बसू?"

ओल्या बोटांनी माझ्या मनगटावर हलकेच थोपटलं, एकदा, दोनदा. लहानपणी मी ताप आल्यावर काकूंच्या मांडीवर झोपायची तेव्हा त्या असंच थोपटायच्या. मला रडू आलं. मला वाटलं, संपलं.

मग दुसरा हात पुढे आला. डावा. तो माझ्या गुडघ्यावर येऊन टेकला, उलटा झाला आणि तळवा वर करून थांबला. धुतलेला, कोरा.

फोनमध्ये ताई म्हणाली, "रेणू, आता डाव्या हाताची करंगळी जाऊन राहिली वो."

वाटी रिकामी आहे. झाडावर मी एकही पान ठेवलेलं नाही. थंडी आता कुठे सुरू झाली आहे, आणि मेंदीला नवी पालवी फुटते ती थेट फाल्गुनात.